गोरखचिंचेच्या औषधी गुणांवर खरंच काय संशोधन झालंय? (लांबलचक धागा आहे, सवडीने वाचा)

मृण्मयी_द
नमस्कार मंडळी. लिहीन लिहीन म्हणता दोन महिने गेले, आज बसलेच. विषय आहे गोरखचिंच, म्हणजे आफ्रिकेतला बाओबाब.

निमित्त घरचंच. माझी आत्या, वय ६८, पंधरा वर्षांचा डायबेटिस. कुणीतरी तिला व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ पाठवला, आफ्रिकेतलं हजार वर्षं जगणारं झाड, त्याच्या फळाची पावडर घ्या, साखर मुळापासून जाते वगैरे. तिने ऑनलाइन दोन डबे मागवले. इथपर्यंत माझं काहीच म्हणणं नाही, पण पंधरा दिवसांनी तिने कुणाला न सांगता गोळ्या बंद केल्या. सारखी तहान, रात्रीतून पाचसहा वेळा उठणं, शेवटी एकदा मोरीत चक्कर येऊन पडली तेव्हा घरच्यांना कळलं. उपाशीपोटी साखर २९० निघाली. आता गोळ्या परत चालू आहेत, बरी आहे. पण मी फार्मसी कॉलेजात वनौषधी शिकवते, हेच फळ दरवर्षी पोरांसमोर फोडते, आणि माझ्याच घरात असं व्हावं हे मला फार लागलं. म्हणून जे ठाऊक आहे ते एकदा नीट मांडते.

आधी फळ. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते, लांब देठाला लोंबकळणारं, दुधीच्या लहान पिल्लाएवढं, वरून हिरवट करडी मखमल. ही मखमल हाताला लागली की खाजते, त्यामुळे मी आधी ओल्या फडक्याने पुसून घेते. कवच नारळाच्या करवंटीसारखं टणक, वरवंट्याचे दोन घाव घातल्याशिवाय फुटत नाही. आणि आत रस नाहीच! झाडावरच वाळलेला पांढरट गर असतो, खडूचे तुकडे एकमेकांना चिकटवून ठेवावेत तसा, मधून लालसर धागे आणि प्रत्येक तुकड्याच्या पोटात काळपट बी. जिभेवर ठेवला की विरघळायला लागतो आणि आंबट, मागून किंचित गोडसर. पोरं पहिल्यांदा तोंड वाकडं करतात आणि मग दुसरा तुकडा मागतात.

झाडाचं शास्त्रीय नाव अ‍ॅडॅन्सोनिया डिजिटाटा. मिशेल अ‍ॅडॅन्सन नावाचा फ्रेंच निसर्गअभ्यासक १७४९ ते १७५३-५४ च्या सुमारास सेनेगलमधे होता, त्याच्यावरून लिनियसने हे नाव ठेवलं. डिजिटाटा म्हणजे बोटं असलेलं, कारण पान पंजासारखं, पाच ते सात पर्णिकांचं. कुळ भेंडीचं, कापसाचं आणि आपल्या काटेसावरीचं. हे भेंडीचं लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता संशोधन. मी याचे मनातल्या मनात तीन ढीग करते: माणसांवर तपासलेलं, उंदरांवर किंवा परीक्षानळीत तपासलेलं, आणि तपासून खोटं ठरलेलं. जाहिरातवाले तिन्ही ढीग एका पोत्यात भरतात आणि वर चौथा स्वतःचा घालतात, सगळी गोची तिथेच आहे.

माणसांवरचं पहिलं सेनेगलचं. डाकारच्या डॉक्टरांनी १९९७ साली एक अभ्यास छापला, जुलाब लागलेल्या साधारण १६० तान्ह्या मुलांवर. काहींना जागतिक आरोग्य संघटनेची क्षारसंजीवनी (म्हणजे ओआरएस), काहींना बाओबाबचा गर, पाणी आणि साखर यांचं द्रावण. क्षारसंजीवनी उजवी ठरली, पण जुलाब किती दिवस चालले आणि वजन किती भरलं यात दोन्हीकडे लक्षणीय फरक नव्हता. मला हा अभ्यास फार आवडतो, कारण तिथल्या आया पिढ्यान्‌पिढ्या जे करत होत्या तेच घेऊन, त्याची तुलना सगळ्यात चांगल्या उपचाराशी केली आणि निकाल जसा आला तसा सांगितला.

दुसरं साखरेबद्दलचं. इंग्लंडच्या ऑक्सफर्ड ब्रूक्स विद्यापीठाने २०१३ मधे निरोगी लोकांना पांढऱ्या पावाबरोबर बाओबाबचं पेय दिलं, २५० मिली पाण्यात एकदा १८.५ ग्रॅम आणि एकदा ३७ ग्रॅम पावडर. पाव खाल्ल्यावर रक्तातली साखर जी चढते तो चढ दोन्ही वेळा कमी आला. पोट भरल्यासारखं वाटणं किंवा शरीराने जास्त ऊर्जा जाळणं, यात मात्र काही फरक नाही. मग २०२२ मधे पोर्तुगालच्या गटाने ३१ निरोगी माणसांवर तसाच प्रयोग केला आणि तिथेही साखरेचा चढ कमीच दिसला. कारणही समजण्यासारखं आहे, गरातले पॉलिफेनॉल स्टार्च पचवणाऱ्या एन्झाइमला अडवतात आणि चोथा भरपूर असल्याने साखर रक्तात सावकाश उतरते.

पण हे सगळे निरोगी लोक होते. एका जेवणापुरती मोजणी होती. डायबेटिस असलेल्या माणसाने सहा महिने घेतलं तर काय होतं, गोळी सोडली तर काय होतं, याचं उत्तर या प्रयोगांत नाहीच. माझी आत्या नेमकी त्याच खड्ड्यात पडली.

तूर्तास इथे थांबते, जेवणं व्हायचीत. बाकी प्रतिसादात लिहीन.

सागर७७
वाचतोय. बरं झालं लिहिलंत. माझ्या बाबांसाठी मीच गेल्या आठवड्यात अर्धा किलो मागवलीय. डब्यावर लिहिलंय संत्र्याच्या सहापट व्हिटॅमिन सी. हे तरी खरं आहे का?

मृण्मयी_द
सागर, आकडा खोटा नाही पण तुलना फसवी आहे. मालीमधल्या कृषी संशोधकांनी नव्वदच्या दशकात वेगवेगळ्या झाडांची फळं तपासली, तेव्हा १०० ग्रॅम गरात कुठे १५० मिलिग्रॅम निघालं तर कुठे ५००. झाडागणिक तिप्पट फरक! संत्र्यात साधारण ५० असतं. पण संत्र्यात बहुतेक सगळं पाणी, आणि गोरखचिंचेचा गर कोरडा ठणठणीत. वाळवलेल्या वस्तूची ओल्या वस्तूशी शंभराला शंभर अशी तुलना केली की कोरडी कधीही जड भरणार. तुम्ही चमचाभर म्हणजे दहाएक ग्रॅम घेणार, त्यात १५ ते ५० मिलिग्रॅम आलं. एक मध्यम संत्रं खाल्लंत तरी तेवढं येतंच. एखादा चांगला पेरू तर दोघांनाही मागे टाकेल आणि आवळ्याचं तर विचारूच नका. आणि हो, बाबांच्या गोळ्या चालू आहेत ना? आधी ते बघा.

सागर७७
हो ताई, चालू आहेत. पण त्यांनी परवा विचारलं होतं की आता ही पावडर आली तर मेटफॉर्मिन निम्मी करू का म्हणून. मी "बघू" म्हणालो होतो. आता लगेच फोन करतो.

दारेसलामकर
मृण्मयीताई, धागा वाचून इतका आनंद झाला की काय सांगू. मी गेली नऊ वर्षं टांझानियात, दार-ए-सलामला आहे. इथे झाडाला म्बुयु म्हणतात आणि फळाला उबुयु. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मामा (इथे वयाने मोठ्या बाईला मामा म्हणतात, आपला आईचा भाऊ नव्हे) टोपली घेऊन बसते, तिच्याकडे साखरेच्या पाकात घोळवलेल्या बिया मिळतात, लाल रंग, वेलची आणि थोडी तिखटाची झाक. झांझिबारचा माल सगळ्यात भारी मानतात. तोंडात टाकायची, गर चोखायचा, बी थुंकायची. माझ्या मुलीचे दात दुपारी शाळेतून येते तेव्हा लालभडक असतात. शाळेच्या गेटवर आपण चिंचा-बोरं खायचो तोच प्रकार.

आमच्या ऑफिसात कुणी याला औषध म्हणत नाही. पोट बिघडलं तर गर पाण्यात कालवून पितात, गरोदर बायका आंबट म्हणून खातात, पण डायबेटिस जातो वगैरे मी इथे कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. ते भारतातून आलेल्या फॉरवर्डमधेच वाचलं. इथल्या सहकाऱ्याला भाषांतर करून सांगितलं तर तो म्हणाला, माझी आजी रोज खायची, तिला साखर होती आणि ती दवाखान्यातही जायची.

वसईचा_नाना
दारेसलामकर, मजा आली वाचून. आमच्या वसईकडे ही झाडं जुनी, खोड एवढं की पाच माणसांनी हात धरले तरी कव पुरत नाही, आणि उन्हाळ्यात पानं गळली की झाड उलटं पुरल्यासारखं दिसतं, मुळं आकाशात. आमची आजी गर ताकात कालवून द्यायची पोटाला. आव पडली की हमखास. त्यात भाजलेलं जिरं. आम्हाला वाटायचं हे आमचंच झाड, गोरखनाथांनी याच्याखाली शिष्यांना शिकवलं म्हणून नाव गोरखचिंच असं ती सांगायची. आफ्रिकेचं आहे हे मला पन्नाशीत कळलं. ते इथवर आलं कसं?

मृण्मयी_द
नाना, तुमच्या आजीचं औषध छापून आलेलं आहे! विल्यम डायमॉक नावाचे गृहस्थ मुंबईत सरकारी औषधभांडाराचे प्रमुख होते, त्यांनी दोन सहकाऱ्यांबरोबर १८९० पासून हिंदुस्थानातल्या वनौषधींवर एक मोठा ग्रंथ काढला. त्यात गोरखचिंचेखाली लिहिलंय की मुंबईकडे गर ताकातून जुलाब आणि आवेवर देतात, कोकणात अंजिराबरोबर दम्याला, आणि जिरं-साखर घातलेलं सरबत पित्ताच्या अपचनाला. वर आवळा, पुदिना, सैंधव आणि पिंपळी घालूनही देतात असं आहे. म्हणजे आजींनी जिरं घातलं ते उगाच नाही. मला तो मजकूर पहिल्यांदा वाचला तेव्हा अंगावर काटा आला होता, कारण सेनेगलची आई आणि वसईची आजी, दोघी एकाच फळाने एकाच दुखण्याला भिडत होत्या.

आलं कसं तर २०१५ मधे एक जनुकीय अभ्यास झाला, भारतातल्या आणि आफ्रिकेतल्या झाडांचे नमुने ताडून पाहिले. निष्कर्ष असा की झाड एकदाच आलेलं नाही, वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या ठिकाणांहून आलं, बरंचसं पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून. अरबी समुद्रातला व्यापार, आणि इथे सैनिक म्हणून, गुलाम म्हणून आणलेली आफ्रिकी माणसं, यांच्याशी त्याचा धागा जुळतो. मध्य प्रदेशात मांडूला गेलात तर रस्त्याकडेला गाड्यांवर ही फळं विकायला असतात, तिथे मांडूची इमली किंवा खुरासानी इमली म्हणतात. कर्नाटकात सावनूरच्या मठातली तीन झाडं तर प्रसिद्धच आहेत.

अनघा_के
वाचनखूण साठवली. एक शंका, मी दक्षिण आफ्रिकेत असताना लोक पानांची भाजी खाताना पाहिल्यासारखं वाटतंय. पानंही खातात का?

दारेसलामकर
अनघा, पानांचा खरा मान पश्चिमेकडे. माझा एक नायजेरियन सहकारी हौसा आहे, त्यांच्याकडे वाळवलेल्या पानांची पूड म्हणजे कुका, आणि तिचं सार म्हणजे मियान कुका. त्याच्या घरी जेवलोय. हिरवट, बुळबुळीत, भेंडीच्या रश्श्यासारखं ओघळणारं, मांसाचा अर्क मुरलेला, सोबत ज्वारी-बाजरीच्या पिठाचा घट्ट गोळा. पहिल्या घासाला अवघड जातं पण ज्याने नाचणीच्या उकडीबरोबर अळूचं फदफदं खाल्लंय त्याला जमून जाईल.

मृण्मयी_द
म्हणूनच म्हटलं होतं ना भेंडीचं कुळ लक्षात ठेवा :) तो बुळबुळीतपणा घराण्याचा आहे.

आणि पानांबद्दल मालीच्या त्याच संशोधकांनी फार कामाची गोष्ट शोधली. पानं उन्हात वाळवण्याऐवजी सावलीत वाळवली तर अ जीवनसत्त्वाचं कच्चं द्रव्य जवळपास दुप्पट टिकतं, आणि लहान पानांच्या झाडात ते मुळातच जास्त असतं. खर्च शून्य. फक्त सूप उन्हातून उचलून ओसरीत ठेवायचं. ज्या भागात मुलांना रातांधळेपणा येतो तिथे हा शोध कुठल्याही डब्यातल्या पावडरपेक्षा मोठा आहे असं माझं ठाम मत आहे.

डॉ_शिल्पा
मृण्मयी, उत्तम लिहिते आहेस. डॉक्टर म्हणून चार गोष्टी जोडते, सगळ्यांनी वाचाव्यात.

एक, किडनीचा त्रास असेल तर ही पावडर विचारल्याशिवाय नको. १०० ग्रॅम गरात हजार मिलिग्रॅमच्या वर पोटॅशियम असतं, निरोगी माणसाला चांगलंच, पण किडनी थकलेली असेल तर रक्तात साचतं आणि हृदयाचे ठोके बिघडू शकतात. डायबेटिसच्या जुन्या रुग्णांत किडनी कमजोर असणं नेहमीचं, म्हणजे ज्यांना ही पावडर सगळ्यात जास्त विकली जाते त्यांनाच हा धोका.

दोन, चोथा भरपूर असल्याने गोळीबरोबरच घेतली तर गोळी नीट शोषली जाणार नाही, दोन तासांचं अंतर ठेवा. आणि एकदम दोन चमचे सुरू केलेत तर गुबारा धरेल.

तीन, लहान मुलाला जुलाब झाले तर सेनेगलचा अभ्यास वाचून घरी प्रयोग नको. तिथेही क्षारसंजीवनीच उजवी ठरली होती. आपल्याकडे ओआरएसचं पाकीट आणि झिंक प्रत्येक सरकारी दवाखान्यात मिळतं, तेच द्या.

चार, माझ्याकडे महिन्याला एखादा तरी रुग्ण येतो ज्याने कुठल्यातरी फळापायी, पाल्यापायी गोळ्या सोडलेल्या असतात. लोक ओरडा बसेल म्हणून सांगत नाहीत. कृपा करून सांगा. मी तरी कुणाला ओरडत नाही, फक्त काय घेताय ते कळलं की पुढचं ठरवता येतं.

सागर७७
बाबांशी बोललो. गोळी तशीच चालू राहील. किडनीच्या तपासणीत क्रिएटिनिन मागच्या वर्षी थोडं वाढलं होतं, त्यामुळे पावडर आधी डॉक्टरांना दाखवूनच. डॉ. शिल्पा, पोटॅशियमचं खरंच ठाऊक नव्हतं, मनापासून आभार.

रेवा_नंदुरबार
मी इथे सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या रुग्णांसोबत काम करते म्हणून मुद्दाम विचारते. आमच्याकडे एका कार्यक्रमात कुणीतरी सांगून गेलं की आफ्रिकेत गोरखचिंचेच्या सालीने सिकलसेल बरा करतात, आणि त्यानंतर दोन कुटुंबांनी मला साल कुठे मिळेल म्हणून विचारलं. सातवीतली एक मुलगी आहे, दर दोन-तीन महिन्यांनी दुखण्याचा झटका येतो, हाडं फुटतील असं रडते. तिची आई काहीही करायला तयार आहे. मी काय सांगू?

मृण्मयी_द
रेवाताई, हा प्रश्न तुम्ही विचारलात हे फार चांगलं झालं. नायजेरियात सालीचा काढा सिकलसेलवर द्यायची परंपरा खरोखर आहे. पण तिथल्याच संशोधकांनी १९८८ मधे ती प्रयोगशाळेत तपासली. रक्तपेशी कोयत्यासारख्या वाकतात ते सालीच्या अर्काने थांबतं का हे पाहिलं, आणि थांबत नाही असं दिसलं. माझा तिसरा ढीग तो हाच. आपल्याच देशातली परंपरा तपासून "नाही, हे चालत नाही" असं छापायला फार मोठं मन लागतं, त्यांचं मला कौतुक वाटतं, पण हा निकाल फॉरवर्डमधे कधी येत नाही.

त्या आईला सांगा की साल शोधण्यात एक दिवससुद्धा घालवू नका.

डॉ_शिल्पा
रेवा, त्या मुलीला हायड्रॉक्सीयुरिया चालू आहे का? सिकलसेलमधे झटके कमी करण्यासाठी हे पक्कं सिद्ध झालेलं औषध आहे. नसेल तर जिल्हा रुग्णालयात पाठवा. फॉलिक अ‍ॅसिड, भरपूर पाणी, थंडी-तापाची वेळीच काळजी, लसी, हेही सगळं हवं. फळाचा गर तिला आवडला तर खाऊ दे, औषध म्हणून नको एवढंच.

रेवा_नंदुरबार
मधे चालू होतं, मग गावाकडे गेले आणि सुटलं. उद्याच जाते त्यांच्याकडे. दोघींचे आभार.

पानझड
धागा उशिरा दिसला. दुसरा ढीग राहिला की हो मृण्मयीताई? उंदरांचा.

मृण्मयी_द
हो, विसरलेच होते. १९९४ साली इजिप्तमधल्या संशोधकांनी गराचा अर्क उंदरांना देऊन पाहिला. सूज उतरली, वेदना कमी झाल्या, तापही उतरला. निकाल चांगलाच होता. पण मात्रा होती किलोला ४०० आणि ८०० मिलिग्रॅम अर्क. ती तशीच्या तशी साठ किलोच्या माणसाला लावली तर २४ ते ४८ ग्रॅम नुसता अर्क होतो, गर नव्हे. प्राण्यावरची मात्रा माणसाला अशी थेट लावत नाहीत हे खरंच, पण चमचाभर पावडरीने गुडघे बरे होतील या जाहिरातीपासून आपण किती लांब आहोत ते यावरून कळतं. यकृत, जंतू, विषाणू यांवरही परीक्षानळीतले बरेच प्रयोग आहेत. ते सगळे "पुढे शोधा" असं सांगणारे आहेत, "आजपासून घ्या" असं सांगणारे नाहीत.

सालीबद्दल अजून एक, एकोणिसाव्या शतकात युरोपात ती सिंकोनाच्या सालीच्या जागी, म्हणजे हिवतापावर, चालेल का याचीही खटपट झाली होती. टिकली नाही. आणि बियांच्या तेलात काही अशी मेदाम्लं असतात जी कच्ची पोटात जाणं बरं नाही, तापवल्यावर कमी होतात, त्यामुळे ते तेल बहुतेक अंगाला-केसांना लावायलाच वापरतात.

युरोपियन युनियनने २००८ मधे आणि अमेरिकेने २००९ मधे या गराला परवानगी दिली ती खाद्यपदार्थ म्हणून. डब्यावर "युरोप-अमेरिकेत मान्यताप्राप्त" असं छापतात त्याचा अर्थ एवढाच, की खाल्लं तर चालतं.

पानझड
माझी काळजी झाडाची आहे. २०१८ मधे एक बातमी वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. रुमानियाच्या शास्त्रज्ञांच्या गटाने आफ्रिकेतल्या साठाहून जास्त बाओबाबची वयं कार्बनच्या पद्धतीने काढली. बारा वर्षांत काय दिसलं तर सगळ्यात म्हाताऱ्या तेरा झाडांपैकी नऊ, आणि सगळ्यात मोठ्या सहापैकी पाच, पूर्ण मेली किंवा त्यांचे सगळ्यात जुने भाग कोसळले. झिंबाब्वेतलं पांके नावाचं झाड जवळजवळ २४५० वर्षांचं होतं, तेही गेलं. हवामान बदलत चाललंय ते कारण असावं असा त्यांचा अंदाज आहे. बुद्धाच्या काळात रुजलेलं झाड आपल्या डोळ्यांदेखत जावं?

त्यात औषध म्हणून मागणी वाढली की भीती वाटते. आफ्रिकेतल्याच दुसऱ्या एका झाडाचं उदाहरण आहे, प्रूनस आफ्रिकाना. पुरुषांच्या प्रोस्टेटच्या त्रासावर त्याच्या सालीचा अर्क युरोपात चालतो, आणि बऱ्याच चाचण्यांत थोडाफार आराम मिळतो असंही दिसलंय. पण साल हवी म्हणून कॅमेरूनच्या डोंगरातली झाडं बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सोलली, उभी वाळली. १९९५ पासून त्याच्या व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं घालावी लागली.

दारेसलामकर
पानझड, तुमची भीती रास्त आहे. पण गोरखचिंचेत दोन गोष्टी दिलासा देणाऱ्या आहेत. फळ पिकून गळतं किंवा काठीने पाडतात, झाडाला इजा नाही. आणि साल काढली तरी हे झाड ती परत भरून काढतं, इथे दोरखंडासाठी पिढ्यान्‌पिढ्या सोलतात, खोडावर जुन्या वळांचे पट्टे दिसतात तरी झाड उभंच. सुदानच्या कोर्दोफानात तर पोकळ खोडात पावसाचं पाणी भरून ठेवतात, झाडच टाकी. धोका आहे तो नव्या रोपांचा, शेळ्या-गुरं कोवळी रोपं ठेवतच नाहीत. आमच्याकडे शहराबाहेर म्हातारी झाडं खूप दिसतात, तरणं झाड मुद्दाम शोधावं लागतं.

अनघा_के
आणि फुलं रात्री उमलतात ना? वटवाघळं परागीकरण करतात असं वाचलंय.

पानझड
हो, संध्याकाळी उमलतं, पांढरं, हाताच्या पंजाएवढं, खाली तोंड करून लोंबणारं. वास माणसाला फारसा रुचत नाही पण वटवाघळांना आवडतो. सकाळी झाडाखाली कोमेजलेल्या फुलांचा सडा. तेव्हा वटवाघळं अपशकुनी म्हणून हाकलणाऱ्यांनी लक्षात ठेवा, ती गेली तर फळ कुठून येणार.

वसईचा_नाना
मृण्मयीताई, एक विचारायचं होतं. तुमचा धागा सुरू झाला त्याच आठवड्यात झाडाखाली पडलेलं एक फळ घेऊन आलो. गर नातवंडांनी संपवला, बिया मी ठेवल्या. बागेतल्या माणसाने सांगितलं याची बी रुजत नाही. खरं का?

मृण्मयी_द
नाना, रुजते, पण कवच फार जाड असल्याने नुसती मातीत टाकली तर महिनोन्‌महिने पडून राहते. कानशीने किंवा सँडपेपरने एका बाजूला थोडी घासा, आतला फिकट रंग दिसेपर्यंत, मग कोमट पाण्यात रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवशी फुगलेली असेल तीच लावा. माती रेताड, पाणी बेताचं. थंडीत करू नका, ऊन तापायला लागलं की लावा.

सागर७७
अपडेट देतो. बाबांच्या डॉक्टरांनी रिपोर्ट बघून सांगितलं की पावडर नकोच, पोटॅशियम आधीच वरच्या टोकाला आहे. डबा आता आई आणि मी संपवतोय, ताक, जिरं, सैंधव आणि चमचाभर गर, नानांच्या आजीच्या पद्धतीने. झकास लागतं. बाबांना साधं ताक.

मृण्मयी_द
सागर, हे वाचून खरंच बरं वाटलं. आत्याही आता जेवताना तेच पिते, तिची किडनी तपासून घेतलीय. गोळ्यांचा डबा मात्र आतेभावाने वारांच्या खणांचा आणून दिलाय आणि तो रोज रात्री रिकामा खण बघतो.

रेवा_नंदुरबार
मुलीचं औषध पुन्हा सुरू झालं. परवा जिल्हा रुग्णालयात तिच्यासोबत जाऊन आले. आईने सालीचं पुन्हा विचारलं नाही.

वसईचा_नाना
ताई, सहा बिया घासून लावल्या होत्या. पाच तशाच आहेत, एक फुटली आज. पण मला वाटतं दुसरंच काहीतरी उगवलंय. तुम्ही म्हणालात पान पंजासारखं, पाच बोटांचं. याला तर एकेकच साधं पान आहे, लांबट. उपटू का?

मृण्मयी_द
नाना, अजिबात उपटू नका! तेच आहे. लहानपणी पानं साधीच येतात, बोटं नंतर फुटतात. कुंडी शेळ्यांपासून लांब ठेवा.